जुना कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय आणि ग्राफिक्स कार्डावर संशय आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं मुख्यतः डेस्कटॉपसाठी आहेत. मशीन आठ-दहा वर्षांपेक्षा जुनं आहे, त्यावर विंडोज ७ किंवा १० आहे, आणि मदरबोर्डवरच्या डिस्प्लेशिवाय वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलेलं आहे असं धरून लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची सगळी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. फॉरमॅट मारायच्या आधी दोष हार्डवेअरमध्ये आहे की सॉफ्टवेअरमध्ये, एवढं ठरवा. हे न ठरवता विंडोज पुन्हा टाकणाऱ्यांचा अख्खा दिवस जातो, आणि संध्याकाळी मशीन पुन्हा तिथेच अडकतं.

कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो. सुरुवात कुठून करू?

आधी ‘बंद पडतो’ म्हणजे नक्की काय होतं ते नीट पाहा. लोक चार वेगळ्या गोष्टींना हा एकच शब्द वापरतात, आणि चारींची कारणं वेगळी असतात.

वीज गेल्यासारखं मशीन क्षणात बंद होत असेल किंवा आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर आधी एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा) आणि उष्णता तपासा. निळी स्क्रीन येत असेल तर बरंच म्हणायचं, कारण विंडोजला निदान काय झालं ते लिहून ठेवायला वेळ मिळाला. चित्र जागच्या जागी गोठलं, माउस हलत नाही आणि आवाज एकाच सुरावर अडकला, तर अख्खं मशीन हँग झालं आहे. चौथा प्रकार सगळ्यात फसवा आहे: स्क्रीन काळी होते, पण आतमध्ये कॉम्प्युटर चालूच असतो.

हा चौथा प्रकार ओळखायला कीबोर्डवरचं नमलॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज जिवंत आहे, फक्त डिस्प्ले गेला आहे. विंडोज १० असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून कार्ड चालवून घेणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो, आणि पुष्कळदा चित्र परत येतं. तसं आलं तर रॅम, हार्ड डिस्क वगैरे तूर्त बाजूला ठेवा आणि कार्ड, ड्रायव्हर, केबल एवढ्यांवरच लक्ष द्या.

शेजारी एक वही ठेवा. वेळ, त्या वेळी काय चालू होतं, मशीन सुरू होऊन किती वेळ झाला होता आणि शेवटचा बदल कोणता केला होता, एवढं दर वेळी लिहा. पाच-सहा नोंदी झाल्या की साधारण रोख कळायला लागतो. आणि एका वेळी एकच बदल करा. ड्रायव्हर बदलला, रॅम हलवली आणि बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा मूळ प्रोग्राम) रीसेट केला, हे सगळं एका बैठकीत केलंत आणि मशीन सुधारलं, तरी कशाने सुधारलं ते कळणार नाही. महिन्याभराने त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

निळी स्क्रीन वाचायच्या आत निघून जाते. काय करू?

कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम, त्यात ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी असा भाग आहे. तिथे ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ समोरची टिक काढा. आता निळी स्क्रीन तुम्ही स्वतः बटण दाबेपर्यंत थांबेल. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्याच खिडकीत ‘स्मॉल मेमरी डंप’ निवडलं असेल तर प्रत्येक क्रॅशची एक छोटी फाइल विंडोजच्या फोल्डरमधल्या मिनीडंप या फोल्डरमध्ये साठते. ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचा छोटा फुकट प्रोग्राम या फाइली उघडून कोड आणि ड्रायव्हरचं नाव दाखवतो. खोलात जायचं तर मायक्रोसॉफ्टचा विनडीबीजी आहे, पण बहुतेकांना त्याची गरज पडत नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं. म्हणजे एसएमपीएस गेला का?

नाही. नावात पॉवर आहे म्हणून पुष्कळ जण लगेच एसएमपीएस बदलून मोकळे होतात. या नोंदीचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. वीज गेली, रीसेट बटण दाबलं किंवा निळी स्क्रीन आली, तिन्ही वेळी ४१ची नोंद होते. त्या नोंदीच्या तपशिलात ‘बगचेककोड’ शून्य आहे का ते पाहा. शून्य असेल आणि डंप फाइलही नसेल, तर विंडोजला काही लिहायची संधीच मिळाली नाही. म्हणजे वीज तुटली किंवा मशीन पार गोठलं. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर तोच निळ्या स्क्रीनचा कोड आहे. हा आकडा तिथे दशमान पद्धतीत असतो आणि स्क्रीनवरचा कोड षोडशमान पद्धतीत. त्यामुळे कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामर मोडमध्ये बदलून मगच ताडून पाहा. तिथला २७८ म्हणजे स्क्रीनवरचा ११६.

तारखेनुसार सगळं एका नजरेत हवं असेल तर रिलायबिलिटी मॉनिटर उघडा. लाल फुल्या कोणत्या दिवसापासून सुरू झाल्या आणि त्याच्या आदल्या दिवशी कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट आला, हे तिथे शेजारी-शेजारी दिसतं.

कोणता कोड कशाकडे बोट दाखवतो?

कोडच्या शेवटी ११६ असेल आणि नाव व्हिडिओ टीडीआर असं काही असेल, तर मामला ग्राफिक्सचा आहे. टीडीआर ही व्यवस्था विंडोज व्हिस्टापासून आली. ग्राफिक्स कार्डाने दिलेलं काम ठरलेल्या मुदतीत उरकलं नाही, आणि ही मुदत मुळात २ सेकंदांची असते, तर विंडोज कार्ड अडकलं असं समजून त्याला रीसेट करतं. रीसेट जमलं तर स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो सावरला’ अशा अर्थाचा संदेश येतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याची नोंद ४१०१ या क्रमांकाने होते. जमलं नाही तर ११६ची निळी स्क्रीन. म्हणून ११६ येण्याच्या आधीच्या आठवड्यांत ४१०१च्या नोंदी वाढत गेल्या आहेत का ते पाहा. वाढत गेल्या असतील तर कार्ड हळूहळू दगा देतंय किंवा त्याला पुरेशी वीज मिळत नाहीये.

शेवटी १२४ असेल तर प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा कार्डाच्या स्लॉटने स्वतःच हार्डवेअरची चूक कळवली आहे. यात ड्रायव्हरचा दोष क्वचितच असतो. १ए आणि ५० हे कोड आळीपाळीने, दर वेळी वेगळ्या फाइलचं नाव घेऊन येत असतील, तर आधी रॅम तपासा. डी१ हा कोड मात्र बहुतेक वेळा ड्रायव्हरचाच.

फाइलचं नाव ‘एनव्ही’ने सुरू होत असेल तर ती एनव्हिडियाची, ‘एटीआय’ने होत असेल तर एएमडीची आणि ‘आयजीडी’ने होत असेल तर इंटेलची. पण नाव दिसलं म्हणजे गुन्हेगार सापडला असं नव्हे. खराब रॅममध्ये जो ड्रायव्हर बसला असेल त्याचं नाव तिथे येतं. एकच नाव चार-पाच वेळा सलग आलं तर ते गंभीरपणे घ्या.

टीडीआरची मुदत रजिस्ट्रीत जाऊन वाढवावी का?

थ्रीडी रेंडरिंगसारखं खरोखरच जड काम असेल आणि कार्ड धडधाकट असेल, तरच. एरवी मुदत वाढवून इतकंच होतं की मशीन दोन सेकंदांऐवजी दहा सेकंद गोठतं आणि मग पडतं.

दोष हार्डवेअरचा की सॉफ्टवेअरचा, हे घरच्या घरी कसं ठरवायचं?

पहिली कसोटी बायोसची. मशीन सुरू करून बायोसच्या स्क्रीनमध्ये शिरा आणि तसंच अर्धा तास राहू द्या. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, व्हायरस नाही. तरीही रंगीत ठिपके, उभ्या पट्ट्या, चुकीची अक्षरं दिसली किंवा मशीन बंद पडलं, तर दोष हार्डवेअरचाच. मग ड्रायव्हरवर एक मिनिटही घालवू नका.

दुसरी कसोटी स्क्रीनशॉटची. पडद्यावर ठिपके किंवा पट्ट्या दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या, आणि तो चित्र म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर उघडा. त्या चित्रातही पट्ट्या असतील तर चित्र कार्डाच्या मेमरीतच बिघडलं आहे, म्हणजे कार्ड किंवा ड्रायव्हर. चित्र स्वच्छ असेल तर बिघाड त्याच्या पुढे आहे: केबल, मॉनिटर किंवा कार्डाचं बाहेर जाणारं पोर्ट. मोबाइलने पडद्याचा फोटो काढून हे कळत नाही, स्क्रीनशॉटच हवा. एवढं सोपं असून ही कसोटी फार कमी जण करतात, आणि चांगली कार्डं विनाकारण टाकून दिली जातात.

तिसरी कसोटी लाइव्ह लिनक्सची, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या, विंडोजऐवजीच्या सिस्टिमची. पेन ड्राइव्हवर उबंटू किंवा लिनक्स मिंट घ्या आणि हार्ड डिस्कला हात न लावता ‘ट्राय’ करून तासभर चालवा. तिथेही मशीन पडलं तर विंडोज निर्दोष. तिथे चाललं तर मात्र कार्ड लगेच निर्दोष ठरत नाही. जुन्या एनव्हिडिया कार्डांवर लाइव्ह लिनक्स नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर वापरतं आणि तो कार्डाला बऱ्याचदा पूर्ण वेगाने पळवत नाही. जे कार्ड जोर लावल्यावरच पडतं, ते तिथे शांत राहू शकतं. सेफ मोडचंही तसंच. सेफ मोडमध्ये साधा डिस्प्ले ड्रायव्हर चालतो, कार्डाचा थ्रीडी भाग जवळजवळ झोपलेला असतो. सेफ मोडमध्ये सगळं ठीक आहे, यावरून ड्रायव्हर किंवा जोराखाली पडणारं कार्ड, एवढाच निष्कर्ष निघतो.

चौथी कसोटी सगळ्यात निर्णायक. मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरमध्ये ऑनबोर्ड ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून ठेवा, मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावा आणि नेहमीची कामं करत दोन-तीन दिवस वापरा. पडणं थांबलं तर कार्ड, त्याची वीज किंवा त्याचा ड्रायव्हर या तिघांतलं कोणीतरी. थांबलं नाही तर कार्डाचा पिच्छा सोडा.

‘व्हिडिओ कार्ड कॉन्फ्लिक्ट’ म्हणजे नेमकं काय असतं?

हा शब्द विंडोज ९५-९८च्या काळातून आला आणि तिथेच तो खराही होता. त्या वेळी मशीनमध्ये इंटरप्ट म्हणजे आयआरक्यूच्या ओळी (प्रोसेसरचं लक्ष वेधायला प्रत्येक भाग वापरतो त्या) मोजून १६ होत्या, त्यातल्याही बऱ्याच कीबोर्ड, डिस्क, घड्याळ यांनी आधीच अडवलेल्या. साउंड कार्ड, मोडेम आणि ग्राफिक्स कार्ड यांना उरलेल्यांत दाटीवाटीने बसावं लागे, आणि दोन कार्डांनी एकच ओळ धरली की मशीन गोठायचं. कार्ड दुसऱ्या पीसीआय स्लॉटमध्ये सरकवणं हा तेव्हा खरा उपाय होता, कारण स्लॉट बदलला की ओळ बदलायची. पुढे मदरबोर्डांवर इंटरप्टच्या ओळी वाढल्या, त्या वाटून घेण्याची पद्धत नीट बसली, आणि पीसीआय एक्सप्रेस या पीसीआयनंतरच्या नव्या स्लॉटमध्ये तर इंटरप्ट संदेशाच्या रूपाने पाठवता येऊ लागले. त्यामुळे तुमच्या मशीनमध्ये पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असेल तर आयआरक्यूचं भांडण जवळपास विसरून जा.

खात्री करून घ्यायची असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टरखालच्या कार्डावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि रिसोर्सेसचा टॅब पाहा. खाली एक पांढरी चौकट असते. तिच्यात ‘नो कॉन्फ्लिक्ट्स’ असं लिहिलेलं असेल तर पत्त्यांचं किंवा इंटरप्टचं भांडण नाही. दहांतल्या नऊ मशीनवर हेच दिसतं.

मग आज लोक ज्याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात ते काय असतं? माझ्या मते बहुतेक वेळा आधीच्या कार्डाच्या ड्रायव्हरचे अवशेष. समजा पूर्वी एएमडीचं कार्ड होतं, आता एनव्हिडियाचं आहे, आणि जुन्या ड्रायव्हरच्या सेवा अजून प्रत्येक स्टार्टला उठताहेत. दुसरं म्हणजे ऑनबोर्ड आणि वेगळं कार्ड या दोघांपैकी मुख्य कोण, याचा बायोसमध्ये गोंधळ. तिसरं, आणि हे व्हिस्टा वापरणाऱ्यांपुरतंच, व्हिस्टाच्या नव्या ड्रायव्हर पद्धतीत दोन वेगळ्या कंपन्यांचे डिस्प्ले ड्रायव्हर एकाच वेळी चालूच शकत नव्हते. विंडोज ७ने ती मर्यादा काढली. व्हिस्टावर इंटेलचं ऑनबोर्ड आणि एनव्हिडियाचं कार्ड एकत्र चालवण्याचा खटाटोप करत असाल तर तो सोडून द्या.

ऑनबोर्ड ग्राफिक्स बंद करावं का? कुठून?

दोन्ही नीट चालत असतील तर हात लावू नका. त्रास होत असेल तर बायोसमध्ये जा आणि ‘इनिट डिस्प्ले फर्स्ट’, ‘प्रायमरी डिस्प्ले’ किंवा ‘प्रायमरी ग्राफिक्स अडॅप्टर’ अशा नावाचं सेटिंग शोधा. ते ‘ऑटो’वर असेल तर तिथे पीईजी किंवा पीसीआयई, म्हणजे वेगळ्या कार्डाचा स्लॉट, निवडा. पुष्कळ जुन्या मदरबोर्डांवर कार्ड लावलं की ऑनबोर्ड आपोआप बंद होतं. २०११नंतरच्या इंटेल मदरबोर्डांवर ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ असं एक सेटिंग सापडू शकतं. दोन्ही एकत्र चालवायचं नसेल तर ते डिसेबल करा.

हे करण्याआधी मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लागली आहे ना, ते पाहा. टॉवरच्या मागे वरच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी उभं असलेलं पोर्ट ऑनबोर्डचं. खाली आडव्या पट्टीत असलेलं पोर्ट कार्डाचं. केबल चुकीच्या पोर्टला असताना ऑनबोर्ड बंद केलंत तर पुढच्या वेळी पडदा काळाच राहील. तसं झालंच तर घाबरू नका. वीज पूर्ण काढून मदरबोर्डवरचा क्लिअर सीमॉस जंपर लावा किंवा गोल बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा, बायोस मूळ सेटिंगवर येईल.

जुना ड्रायव्हर मुळापासून कसा काढायचा?

कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल केल्याने बरंच काही मागे राहतं. यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू वापरा. त्यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी लागणारा नवा ड्रायव्हर उतरवून डिस्कवर ठेवा. मग इंटरनेट तोडा, लॅन केबल सरळ उपटून ठेवा, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःच्या मर्जीचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं. सिस्टिम रिस्टोअर पॉइंट बनवा. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू चालवा, आणि आधी जी-जी कार्डं या मशीनमध्ये होती त्या प्रत्येक कंपनीसाठी वेगळं चालवा. रीस्टार्ट करा, उतरवलेला ड्रायव्हर ‘क्लीन इन्स्टॉल’ पर्याय निवडून टाका, मशीन पुन्हा सुरू करा, आणि मगच इंटरनेट जोडा. मदरबोर्डचा चिपसेट ड्रायव्हर कधीच टाकलेला नसेल तर तो ग्राफिक्सच्या आधी टाका.

सगळ्यात नवा ड्रायव्हरच घ्यायचा ना?

जुन्या कार्डाला नाही. कंपन्या जुन्या पिढीची कार्डं एकेक करून आधाराबाहेर काढतात. एनव्हिडियाच्या फर्मी पिढीसाठी ३९० मालिकेपर्यंतच ड्रायव्हर आहेत आणि केप्लर पिढीसाठी ४७० मालिकेपर्यंत. एएमडीची रेडिऑन एचडी ५००० आणि ६००० ही कार्डं तर २०१५च्या शेवटीच जुन्या खात्यात गेली. कार्ड कोणत्या पिढीचं आहे ते जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये लगेच दिसतं. त्या पिढीचा शेवटचा स्थिर ड्रायव्हर कार्डावरची चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारे प्रोग्राम जुन्या मशीनच्या जवळपास फिरकू देऊ नका. एका कार्डाच्या त्रासात ते आणखी चार बदल करून ठेवतात आणि वहीतल्या सगळ्या नोंदी निरुपयोगी होतात.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ किंवा कोड १२ दिसतोय.

कोड ४३ म्हणजे कार्डाने किंवा ड्रायव्हरने स्वतःच बिघाड झाल्याचं कळवलं आणि विंडोजने ते बंद केलं. ड्रायव्हर स्वच्छ करून टाका. तरी परत आला तर कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा. तिथेही ४३ आला तर कार्ड गेलं.

कोड १२ हा मात्र खराखुरा जागेचा तंटा आहे. कार्डाला लागणारी पत्त्यांची जागा शिल्लक नाही असा त्याचा अर्थ. ३२ बिट विंडोजमध्ये पत्त्यांची एकूण जागा बहुधा ४ जीबी असते, आणि तिच्यात रॅम, कार्ड, नेटवर्क सगळ्यांनाच बसायचं असतं. ४ जीबी रॅम टाकूनही विंडोज सव्वातीन जीबीच्या आसपास दाखवतं, ते यामुळेच. ६४ बिट विंडोज टाका, बायोस अपडेट असेल तर करा, आणि न वापरलेली पोर्टं बायोसमधून बंद करा.

गेम किंवा मोठा व्हिडिओ लावला की मशीन पडतं. एरवी ठीक.

इथे वीज आणि उष्णता या दोघांनाच आधी पकडा. पीसीआय एक्सप्रेसचा मोठा स्लॉट कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज देतो. वरून ६ पिनांची जोडणी असेल तर आणखी ७५, आणि ८ पिनांची असेल तर १५०. कार्डाला यातली जोडणी हवी असेल आणि एसएमपीएसमध्ये ती नसेल, तर लोक मोलेक्सवरून (एसएमपीएसच्या चार पिनांच्या जुन्या प्लगवरून) ॲडॉप्टर लावतात. जुन्या एसएमपीएसवर असा ॲडॉप्टर हा दुखण्याचा पहिला धागा असतो. मशीन बंद करून, वायर काढून, तो प्लग हळूच सोडवा आणि पिवळ्या वायरीची पिन बघा. पांढरं प्लास्टिक तपकिरी झालं असेल, पिन काळपट असेल किंवा बोटाने हलत असेल, तर तिथे संपर्क सैल होऊन उष्णता तयार होतेय. तो ॲडॉप्टर लगेच बाद करा.

एसएमपीएसच्या डब्यावर लिहिलेल्या एकूण वॉटवर विसंबू नका. लेबलवर १२ व्होल्टच्या ओळीसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः तिथूनच पितात. फार जुन्या एसएमपीएसची ताकद ५ आणि ३.३ व्होल्टवर वाटलेली असते. मल्टीमीटर असेल तर मोकळ्या मोलेक्स प्लगमध्ये काळ्या आणि पिवळ्या वायरीत, मशीनवर जोर असताना मोजा. ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत हवं. लाल आणि काळ्यात ४.७५ ते ५.२५. मोजताना मीटरच्या टोकांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका. आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएस शंभर टक्के सुटला असंही नाही. जुन्या कपॅसिटरमुळे येणारी वेगवान थरथर साध्या मीटरला दिसत नाही. दुसरा चांगला एसएमपीएस चार दिवस लावून बघणं हीच खरी परीक्षा. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर जीवघेणा भार धरून असू शकतात.

तापमान किती असलं तर काळजी करावी?

जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून त्याची नोंद फाइलमध्ये लिहायला लावा. म्हणजे मशीन पडल्यावरही शेवटचा आकडा हाती लागतो. जोर असताना ८० ते ८५ अंश हे जुन्या कार्डासाठी चालण्यासारखं आहे. ९५च्या पुढे सतत राहत असेल तर काम थांबवा. साधा डेस्कटॉप उघडा असतानाच ७० दिसत असेल तर पंखा फिरतोय का ते डोळ्यांनी बघा.

साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि मगच हवा मारा. मोकळा पंखा हवेच्या झोताने वाजवीपेक्षा जास्त फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. खरी धूळ पंख्यावर नसते, त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत नमद्यासारखी दाबून बसलेली असते. पंख्याचं कव्हर काढल्याशिवाय ती दिसत नाही. कूलर काढलाच तर वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. मेमरी चिपवर मऊ थर्मल पॅड असतील तर ते फाटू देऊ नका.

कार्ड बाहेर काढलंच आहे तर त्याच्या सोनेरी दात्यांवरून अल्कोहोलचा बोळा फिरवा आणि वाळल्यावर कार्ड पुन्हा घट्ट बसवा. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, अंगातली स्थिर वीज तिथे उतरते. मागचा स्क्रू पक्का करायला विसरू नका. जड कार्ड स्लॉटमधून तिरकं लोंबलं तरी संपर्क सुटतो.

मदरबोर्डवर काय बघायचं?

प्रोसेसरच्या आणि ग्राफिक्स स्लॉटच्या आसपासचे उभे गोल कपॅसिटर. टॉर्च आडवी धरून त्यांच्या माथ्यांकडे बघा. माथा सपाट हवा. तो फुगला असेल, त्यावरची फुलीसारखी खाच उघडली असेल किंवा बुडाशी तपकिरी खर दिसत असेल, तर तो गेला. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या पुष्कळ मदरबोर्डांना निकृष्ट कपॅसिटरचा हा रोग झाला होता. सोल्डरिंगचा चांगला हात असलेल्या माणसाकडून ते बदलून घेता येतात, आणि बोर्ड पुन्हा वर्षानुवर्षं चालतो.

रॅमचा ग्राफिक्सशी काय संबंध?

ऑनबोर्ड ग्राफिक्स असेल तर फार जवळचा. त्याला स्वतःची मेमरी बहुधा नसते, ते मुख्य रॅममधलाच तुकडा वापरतं. त्यामुळे रॅम खराब झाली की पडद्यावर कचरा दिसतो आणि दोष डिस्प्लेवर जातो. मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवरून चालवा, शक्य तर रात्रभर. एक जरी चूक दाखवली तरी ती चूकच. मग एकेक रॅम वेगळी लावून पुन्हा चालवा, आणि चांगली ठरलेली रॅम दुसऱ्या स्लॉटमध्येही तपासा, कारण कधी रॅम ठीक असते आणि स्लॉट खराब.

तारीख-वेळ सारखी मागे जाते. याचा काही संबंध?

आहे. बायोसची सीआर२०३२ बॅटरी संपली की तारखेबरोबर तुम्ही केलेली सेटिंगंही पुसली जातात, आणि प्रायमरी डिस्प्ले पुन्हा ‘ऑटो’वर जातो. बॅटरी बदला.

रीस्टार्ट केल्यावर ठीक, पण शटडाउन करून सकाळी चालू केलं की त्रास. असं का?

विंडोज ८पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे. शटडाउन करताना विंडोज आपला गाभा आणि त्यातले ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर साठवतं आणि दुसऱ्या दिवशी तेच परत उचलतं. रीस्टार्ट मात्र सगळं कोऱ्या पाटीवरून सुरू करतं. पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. ड्रायव्हरचे प्रयोग चालू असताना तर ते बंदच हवं.

फक्त ब्राउझर उघडल्यावरच स्क्रीन झिरमिरते.

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा. थांबलं तर ड्रायव्हर आणि त्या ब्राउझरचं पटत नाहीये. जुन्या कार्डावर ते बंद ठेवूनच काम चालवणं शहाणपणाचं, फक्त व्हिडिओ बघताना प्रोसेसरवर थोडा ताण येतो.

कार्ड ओव्हनमध्ये भाजलं की सुधारतं असं ऐकलंय. करू का?

करू नका. गरम केल्याने चिपखालचे तुटलेले सूक्ष्म सांधे काही काळ पुन्हा टेकतात, कार्ड थोडे दिवस चालतं, आणि परत जातं. पुष्कळदा तडा कार्ड आणि चिप यांच्यामधल्या सोल्डरला नसतोच, चिपच्या पोटातल्या जोडणीला असतो, आणि तो भाजून बरा होत नाही. २००८ साली एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिपांमधल्या अशाच कमकुवत सामग्रीपोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. कंपनीला जे चिप बदलूनच निस्तरावं लागतं ते स्वयंपाकघरात होणार नाही. शिवाय प्लास्टिक आणि फ्लक्सचा धूर ज्या ओव्हनमध्ये फिरतो त्यात पुन्हा खाण्याचं काही करू नये.

कार्ड बदलायचंच ठरलं. जुन्या मदरबोर्डवर नवं कार्ड चालेल का?

स्लॉटच्या दृष्टीने बहुधा चालेल. पीसीआय एक्सप्रेसच्या पिढ्या एकमेकांशी जुळवून घेतात, वेग फक्त दोघांतल्या जुन्याचा मिळतो. अडचण येते ती बायोसमध्ये. साधारण २०११च्या आधीच्या मदरबोर्डांवर यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) नसतं, आणि काही नवी कार्डं तिथे पडदाच उजळत नाहीत. मशीन बीप देत राहतं, किंवा पंखे फिरतात आणि चित्र येत नाही. म्हणून तुमच्याच मदरबोर्डच्या मॉडेलवर ते कार्ड चाललेलं कोणी पाहिलं आहे का हे विचारून घ्या, किंवा परत करता येईल अशा बोलीवर घ्या. वेगळी वीज जोडणी न मागणारं, ७५ वॉटच्या आतलं कार्ड जुन्या एसएमपीएसला झेपतं. कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती जागा आहे ती पट्टीने मोजा. आणि वापरात असलेल्या विंडोजसाठी त्या कार्डाचा ड्रायव्हर निघतो का ते खरेदीच्या आधी तपासा. विंडोज ७चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला, विंडोज १०चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ७साठी तर नव्या कार्डांचे ड्रायव्हर आता येतच नाहीत. तिथे त्याच जुन्या पिढीचं, चांगल्या अवस्थेतलं वापरलेलं कार्ड घेतलेलं बरं. घेताना ते अर्धा तास जोराखाली चालवून, पडद्यावर एकही ठिपका न दिसता, समोर दाखवायला सांगा.